सिग्नलला गाडी थरथरते तेव्हा

लाल सिग्नल लागतो, गाडी न्यूट्रलला येते आणि गिअरचा दांडा थरथरू लागतो. गॅरेजमध्ये पहिलं निदान बहुधा ठरलेलं: ‘फाउंडेशन गेलंय.’ असेलही. पण आधी सिलिंडर किती, ते पाहावं.

अल्टो, क्विड, पेट्रोलवरची टियागो या गाड्यांत तीनच सिलिंडर. १९८३ साली आलेल्या मारुती ८००चं ७९६ सीसीचं इंजिनही तसंच. चार स्ट्रोकचं चक्र क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत, म्हणजे ७२० अंशांत पुरं होतं. तिघांत वाटलं की दर २४० अंशांनी एक स्फोट. एका स्फोटाचा जोर मात्र १८० अंशही टिकत नाही. मधला वेळ इंजिन फ्लायव्हीलच्या जिवावर काढतं. त्यात टोकाचे दोन पिस्टन एका लयीत नसतात, म्हणून इंजिन सीसॉसारखं डुलतं. एवढी थरथर जन्मजात. तिच्यावर पैसे घालवू नयेत.

नव्यानं सुरू झालेली थरथर वेगळी. मिनिटाला ८०० फेरे असतील तर सेकंदाला २० स्फोट होतात. एक सिलिंडर ‘मिसिंग’ मारू लागला, की सेकंदाला सहा-सात ठोके हुकतात आणि गाडी लंगडते. हा संथ हिसका सीटपर्यंत पोचतो. कारण बहुतेकदा झिजलेला प्लग, नाहीतर इग्निशन कॉइल. प्रत्येक प्लगला स्वतंत्र कॉइल असेल, तर इंजिन बंद करून दोन कॉइलींची अदलाबदल करावी. स्कॅनरवरचा दोष दुसऱ्या सिलिंडरवर सरकला, तर कॉइलच खराब. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी दामटू नये; न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवून त्याची वाट लावतं.

ठोके नीट पडतायत, तरी बॉडी हादरते? मग फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्या रबरी माउंटिंगवर बसतं ते. रबर चिरतं, तेल मुरून फुगतं, आणि आतापर्यंत रबर गिळत असलेली थरथर थेट बॉडीत उतरते. क्लच सोडताना किंवा रिव्हर्स टाकताना ‘धप्प’ आवाज आला, तर संशय पक्का. एसी लावल्यावरच थरथर वाढत असेल, तर आधी थ्रॉटल बॉडीतला कार्बन साफ करून घ्यावा. ते काम स्वस्तातलं.

आणि स्टिअरिंग फक्त हायवेवर, ऐंशीच्या पुढे थरथरत असेल, न्यूट्रलमध्ये रेस दिल्यावर मात्र काहीच होत नसेल, तर बॉनेट उघडूच नका. सरळ टायरवाल्याकडे जाऊन व्हील बॅलन्सिंग करून घ्या.