मशीद स्टेशन : नाव कोणाचे, वाट कोणाची?

मुंबईला मालखरेदीसाठी येणाऱ्या आपल्या व्यापारी बांधवांपैकी किती जणांना ठाऊक असेल की, मशीद स्टेशनचे नाव आपल्या मशिदीवरून पडलेले नाही? जवळच झकेरिया मशीद असल्याने तसा समज होणे साहजिक आहे. परंतु हे नाव बेने इस्रायली ज्यूंच्या प्रार्थनास्थळावरून आले, असे सांगितले जाते. कोकणात तेलाचे घाणे चालविणारी, शनिवारी काम बंद ठेवणारी, म्हणून 'शनवार तेली' म्हटली गेलेली ही मराठी बोलणारी जमात आपल्या प्रार्थनास्थळाला मशीदच म्हणे. १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर यांनी ते बांधले. सॅम्युएल स्ट्रीट हे नावही त्यांचेच. स्टेशनच्या पाटीवर 'मशीद', बाजारात मात्र 'मस्जिद बंदर'. आम्ही उर्दू शाळेतले, आमच्या तोंडी दुसरेच बसले आहे.

पश्चिमेला उतरलात की नागदेवी, अब्दुल रहमान स्ट्रीट, पुढे मंगलदास मार्केट. पूर्वेला दाणाबंदर आणि गोदीकडचा रस्ता. एका बाजूला दुकान, दुसऱ्या बाजूला गोदाम, मध्ये रूळ.

या रुळांवर मुख्य मार्गाची धीमी गाडी थांबते, जलद थांबत नाही; कल्याणहून जलद गाडीने येणाऱ्याने भायखळ्याला गाडी बदलावी. हार्बरची गाडीही इथे थांबते. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातील पहिली विजेची गाडी बोरीबंदरहून कुर्ल्याला गेली, ती याच हार्बर मार्गाने. मशीद सोडले की हार्बरचे रूळ चढू लागतात आणि सँडहर्स्ट रोडला वरच्या फलाटावरून डॉकयार्डकडे वळतात. १९९२ साली हा मार्ग वाशीपर्यंत गेला. दाणाबंदरचा धान्यबाजारही त्याच सुमारास तिकडे हलला. कापड मात्र इथेच राहिले.

म्हणूनच कर्नाक पुलाचे दुखणे आम्हाला जास्त जाणवले. १८६८ चा हा पूल स्टेशनच्या दक्षिणेला दुकान आणि गोदाम जोडून होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये तो पाडला गेला. नवा पूल १० जुलै २०२५ रोजी 'सिंदूर' या नावाने खुला झाला. मधली अडीच वर्षांहून अधिक मुदत हातगाडीने वळसा घेतला. मोठ्या पेढीने टेंपोचे भाडे मालावर चढवले. चार गाठींचा छोटा व्यापारी ते कुणावर चढवणार? त्याने गठडी डोक्यावर घेतली आणि पादचारी पुलाची वाट धरली. ते जिने माणसांसाठी बांधलेले आहेत, गठडीसकट माणसासाठी नव्हेत, आणि हे रेल्वेच्या कधी ध्यानात आले असे आम्हाला वाटत नाही.

जुन्या पुलाच्या दगडांवर त्याचे नाव इंग्रजी, मराठी आणि गुजराती अशा तीन भाषांत कोरलेले होते. ते दगड जपून ठेवण्यात आले आहेत.