खांद्यावरची रेल्वे

ऊसतोडीच्या दिवसांत अवेळी पाऊस आला की भरलेली बैलगाडी आसापर्यंत रुतते. 1875 च्या सुमारास पॅरिसच्या दक्षिणेला, सेन नदीकाठच्या पती-बूर इथे पॉल दकोव्हिल याच पेचात होता. त्याच्या शेतात उसाऐवजी साखरेचं बीट होतं, एवढाच फरक. पीक जड, माती ओली, गाड्या हलेनात.

त्याने काढलेला तोडगा इंजिनाचा नव्हता, रुळांचा होता. दोन हलके रूळ आणि खाली आडव्या पट्ट्या, कारखान्यातच एकत्र ठोकलेलं. जमिनीवर निजवलेली लोखंडी शिडीच म्हणा ना! असा तुकडा हातांनी उचलायचा, मागच्याला जोडायचा आणि वर बिटाची छोटी वाघीण ढकलायची. वळणासाठी बाकदार तुकडे वेगळे. खडी अंथरायला नको, भराव घालायला नको. एका पट्टीतलं बीट संपलं की रस्ताच उचलून शेजारच्या पट्टीत! इतर रेल्वेत मालाला स्टेशन गाठावं लागे. इथे रूळ मालापाशी येत.

रुळांमधलं अंतर आधी 40 सेंटिमीटर होतं, पुढे 60 रूढ झालं. (आपली माथेरानची गाडी 2 फुटी, म्हणजे जेमतेम एका सेंटिमीटरने रुंद.) खाणी, वीटभट्ट्या, बांधकामं, जिथे तिथे हे रूळ गेले. फ्रेंच भाषेत ‘दकोव्हिल’ हे सामान्यनाम झालं. उत्पादकाला याहून मोठी जाहिरात कोणती मिळणार?

खरी जाहिरात मात्र 1889 च्या पॅरिस प्रदर्शनात झाली. याच रुळांवर नव्या आयफेल टॉवरजवळून धावणाऱ्या प्रवासी गाडीने सहा महिन्यांत 60 लाखांहून अधिक माणसं नेली. हातपाय, डोकं बाहेर काढू नका, झाडं लागतील, असे फलक कितीतरी भाषांत लावले होते.

लष्कराचं लक्ष त्याआधीच गेलं होतं. तोफखान्याचा कॅप्टन प्रॉस्पेर पेशो याच्या आग्रहावरून 1888 मध्ये सैन्याने 60 सेंटिमीटरचं माप स्वीकारलं. पहिल्या महायुद्धात तोफगोळे, दाणागोटा, जखमी सैनिक याच रुळांवरून जात. गोळ्याने रूळ उखडला तर तेवढा तुकडा बदलायचा. बिटाच्या शेतातली युक्ती रणांगणात जशीच्या तशी.

उत्तर फ्रान्समधल्या सोम नदीकाठी, फ्रुआसी ते दोंपिएर, या साखळीतली शेवटची कडी दिसते. 1916 च्या सोमच्या लढाईसाठी टाकलेली ही लाइन युद्धानंतर दोंपिएरच्या साखर कारखान्याच्या कामी आली. बिटासाठी जन्मलेलं तंत्र युद्ध करून पुन्हा साखरेकडे वळलं. ट्रक आले आणि 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला मालवाहतूक थांबली.

रूळ मात्र भंगारात गेले नाहीत. आता हौशी स्वयंसेवक तिथे वाफेची इंजिनं चालवतात. कापी गावाजवळ पठारावर चढण्यासाठी लाइन झेडच्या आकारात वळते. गाडी थांबते, दिशा उलटवते आणि मग वर जाते. सारा प्रवास सुमारे 7 किलोमीटरचा. उन्हाळ्यात तिकडे गेलात तर फ्रुआसीला तिकीट मिळतं.