अपूर्णांकाला वेळ होता तेव्हा

‘पहिली ते सातवीच्या शिकवण्या घेतल्या जातील’ ही आमच्या गल्लीतली शेवटची पाटी या मे महिन्यात उतरली. पाटीमागच्या बाई मुलाकडे पुण्याला राहायला गेल्या. डोंबिवलीत एकेकाळी दर दुसऱ्या इमारतीच्या जिन्यात अशी पाटी दिसे. त्याच आठवड्यात एका पालकांचा मला फोन आला. “पाचवीतल्या मुलाचे अपूर्णांक चार तासांत बसवून द्याल का? पुढे त्याचा फाउंडेशनचा क्लास सुरू होतोय.” मी नाही म्हटले, पण तो प्रश्न अजून सलतो आहे. चार तासांत अपूर्णांकाचे नियम पाठ होतात, अपूर्णांक कळत नाही. हा फरक जेव्हा रोज डोळ्यांसमोर दिसायचा, ती वर्षे मी शिकवणीच्या सतरंजीवर बसून काढली आहेत.

हा विषय निघाला की जुनी माणसे पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी, अडीचकी या पाढ्यांची आठवण काढतात. औटकीपर्यंत, म्हणजे साडेतीनच्या पाढ्यापर्यंत, न अडखळता म्हणणारे आजोबा मीही पाहिले. त्या काळी व्यवहारच भागांचा होता. रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै, शेराचे पावशेर, अदपाव, नवटाक. रुपयाचे तीन सारखे वाटे करायचे तर ५ आणे ४ पै असे चोख उत्तर येई. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले, पुढच्या वर्षीपासून किलो-ग्रॅम येऊ लागले आणि पाढ्यांचा व्यवहारातला आधार सुटला. तरीही पाढे गेले म्हणून अपूर्णांक गेला, हे मला मान्य नाही. त्या पाढ्यांत पाव, अर्धा आणि पाऊण यांचाच संसार होता. तृतीयांश, पंचमांश, सप्तमांश यांना तिथे जागाच नव्हती. आणि पाठ म्हणता येणे म्हणजे कारण सांगता येणे नव्हे.

त्यानंतरच्या चार दशकांबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. पुस्तकात वर्तुळ असे, त्याचे काही भाग रंगवलेले असत, खाली व्याख्या आणि नियम, मग उदाहरणसंग्रह. आम्हीही तसेच शिकलो.

मला थांबायचे आहे ते २००१ ते २०११ या दशकापाशी. त्याच्या सुरुवातीला मुंबईत ‘प्रथम’ संस्थेचा बालसखी उपक्रम चालू होता. वस्तीतल्याच शिकलेल्या तरुण मुली महापालिकेच्या शाळांतल्या मागे पडलेल्या मुलांना रोज वेगळे बसवून अक्षरे आणि अंक शिकवत. या उपक्रमाचा मुंबई आणि बडोद्यात काटेकोर अभ्यास झाला आणि मुले खरोखर पुढे सरकतात, असे त्यातून दिसले. तो अभ्यास करणाऱ्यांपैकी अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना पुढे २०१९ मध्ये नोबेल मिळाले. बालसखींची मजल अपूर्णांकापर्यंत जाणे शक्यच नव्हते. पण लहान गट, ओळखीचे माणूस आणि मुलाच्या पातळीवरून सुरुवात, ही त्यांची रीत आमच्या शिकवण्यांत आधीपासून होती, आणि ती रीतच फळ देते याचा पुरावा आता समोर होता.

आमच्या खोलीत सहा-सात मुले असत, वेगवेगळ्या शाळांची, वेगवेगळ्या इयत्तांची. दर वर्षी कुणी ना कुणी १/२ + १/३ = २/५ असे लिहीच. पाचवीतल्या एका मुलीला विचारले, “कसं केलंस?” ती म्हणाली, “एका डब्यात दोन लाडू होते, त्यातला एक खाल्ला. दुसऱ्यात तीन होते, त्यातला एक खाल्ला. पाचांतले दोन संपले ना?” तिचा विचार पक्का होता, पण तो दुसऱ्याच प्रश्नाचा होता. तिने दोन डब्यांचा मिळून एक पूर्ण धरला होता. मी तिला कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या दिल्या, घड्या घालून एकीचे दोन आणि दुसरीचे तीन सारखे भाग करायला सांगितले आणि विचारले, “अर्ध्या पट्टीत आणखी थोडी मिळवली, तर उत्तर अर्ध्यापेक्षा कमी येईल का?” २/५ अर्ध्याहून लहान आहे, हे तिने स्वतः घडी घालून पाहिले. मग दोन्ही पट्ट्यांना चालेल अशी घडी शोधताना ती सहावर आली. समच्छेद हा शब्द मी त्यानंतर सांगितला. यात पूर्ण संध्याकाळ गेली. त्या मुलीला लसावि का काढायचा, हे पुन्हा कधी सांगावे लागले नाही.

त्याच दशकात मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात के. सुब्रमण्यम आणि श्वेता नाईक अपूर्णांकाच्या दोन अर्थांवर काम करत होते. एक वाट्याचा, दुसरा मापाचा. त्याबद्दल वाचल्यावर आमच्याकडेही भाकऱ्या आल्या. दोन भाकऱ्या तिघांत आणि तीन भाकऱ्या चौघांत वाटल्या, तर कुणाला जास्त मिळेल? मुले भांडत. मग एखादा म्हणे, “पहिल्याला पूर्ण भाकरी व्हायला १/३ कमी पडते, दुसऱ्याला १/४च कमी पडते, म्हणून दुसऱ्याला जास्त.” तिरकस गुणाकार न करता ३/४ मोठे ठरले, तेही कारणासकट. ७/४ आले की वर्तुळ रंगवायची सवय असलेले मूल अडायचे. चारच भाग आहेत, तर सात कुठून आणू? पट्टीने मोजायला लावले की ते एक पट्टी ओलांडून सहज पुढच्या पट्टीत जाई. भागाकारही मापाने सुटे. पाऊण लिटर दूध, अर्ध्या लिटरचे माप; किती मापे भरतील? एक पूर्ण आणि एक अर्धे. ३/४ ÷ १/२ चे उत्तर दीड येते, भागूनही संख्या वाढते, याचे आश्चर्य त्या चेहऱ्यांवर उमटे. ‘उलटा करून गुणा’ हा नियम त्यानंतर आला तर त्याला अर्थ असे.

त्याच काळात आम्हाला ऐकवले जाई की घरगुती शिकवण्या म्हणजे गृहपाठ उरकण्याचे दुकान. तशा काही होत्याच. पण जिथे मुलाच्या चुकीच्या उत्तराला बोलायला वेळ मिळे, अशी ती एकमेव जागा होती. साठ मुलांच्या वर्गात कितीही जीव लावणाऱ्या शिक्षकाला ‘कसं केलंस?’ हा प्रश्न प्रत्येकाला विचारता येत नव्हता.

२००५ पासून ‘असर’ या देशव्यापी शैक्षणिक पाहणीचे अहवाल येऊ लागले. वजाबाकी आणि भागाकार किती मुलांना येतो, हे देशाला कळू लागले. ते आवश्यकच होते. पण त्या चाचणीची पायरी भागाकाराशी संपते, आणि आपली सगळी सार्वजनिक चर्चाही तिथेच संपली. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. त्याच्या कलम २८ ने शाळेतल्या शिक्षकांना खासगी शिकवणीची बंदी केली. हेतू योग्य होता, पण मोकळ्या झालेल्या संध्याकाळी शाळांना मिळाल्या नाहीत, मोठ्या क्लासेसना मिळाल्या. ३० जून २०११ पासून चार आण्यांचे नाणे चलनातून बाद झाले. एका रुपयाचे चार सारखे तुकडे मुलाच्या तळहातावर ठेवायची सोयही गेली.

२०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकातल्या ‘वीस एक’ या संख्यावाचनावरून अख्खा महाराष्ट्र भांडला. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर त्यामागचा विचार समजावत राहिल्या. जुलै २०२३ मध्ये त्या गेल्या. ‘गणितगप्पा’ लिहून मुलांशी गणित बोलणाऱ्या बाईंना आपण अशा वादात शिणवले, याचे मला दुःख आहे. एकवीस कसे वाचायचे यावर इतके बोललो. सहावीतल्या मुलाला १/४ हा १/३ पेक्षा मोठा का वाटतो, यावर त्याच्या शतांशानेही बोललो नाही.

आज पाचवीपासून फाउंडेशनच्या बॅचा भरतात. तिरकस गुणाकाराच्या ‘बटरफ्लाय मेथड’ने दोन अपूर्णांकांची बेरीज काही सेकंदांत होते. उत्तर बरोबर येते, म्हणून ‘कसं केलंस?’ असे कुणी विचारतच नाही. तिसरा अपूर्णांक समोर आला की तेच मूल गप्प बसते. शेकडेवारी, गुणोत्तर, वेग आणि पुढे सगळे बीजगणित याच पायावर उभे आहे. आठवीत ‘गणित जमत नाही’ म्हणणाऱ्या मुलाची वही मागे मागे चाळत गेले, तर बहुतेकदा आपण पाचवीतल्या याच धड्यापाशी पोहोचतो.

जुन्या पाट्या परत लागणार नाहीत. पण महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेत पाचवी-सहावीच्या मुलांचे लहान गट करून, त्याच वस्तीतल्या शिकलेल्या मुलामुलींना मानधन देऊन, वर्षभर फक्त अपूर्णांकासाठी रोज अर्धा तास देणे अजूनही आपल्या हातात आहे. बालसखींनी तो मार्ग करून दाखवला आहे. त्याला महागडे साहित्य लागत नाही. कागदाच्या पट्ट्या पुरतात आणि मुलाचे उत्तर शेवटपर्यंत ऐकून घेणारे माणूस लागते. तेवढा खर्च आपण करणार नसू, तर दहावीच्या निकालानंतर गणितात मुले कच्ची का, असे विचारण्याचा अधिकारही आपल्याला नाही.