वादळ किनाऱ्यावर थांबत नाही

धाराशिव जिल्ह्याची ओळख दुष्काळाची. १९७२ असो, २०१६ असो, पाण्यासाठी वणवण हाच इथल्या आठवणींचा धागा. बालाघाटाच्या या माळावरून बंगालचा उपसागर पाचशे किलोमीटरहून दूर, अरबी समुद्र सह्याद्रीपलीकडे. तरी गेल्या काही वर्षांत इथल्या शेतकऱ्याचा खरीप ज्या पावसानं बुडवला, त्यातला बराचसा थेट समुद्रावरच्या वादळांतून आला आहे. किनाऱ्यावरच्या माणसाला वादळाची बातमी वेळेवर मिळते. धाराशिवला मिळतो तो नुसता पाऊस.

नाव नसलेलं वादळ

१३ ऑक्टोबर २०२० रोजी बंगालच्या उपसागरातली एक प्रणाली आंध्रात काकीनाड्याजवळ जमिनीवर आली. हवामान खात्याच्या मोजपट्टीवर ती ‘डीप डिप्रेशन’ होती. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरवर गेला तरच चक्रीवादळ म्हणतात आणि तेव्हाच नाव मिळतं. हिला नाव मिळालं नाही. तिनं आधी हैदराबाद बुडवलं आणि १४ तारखेला ती सोलापूर-धाराशिव पट्ट्यावर आली. पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा जण दगावले. तुळजापूर, उमरगा, लोहारा तालुक्यांत नदीकाठची काळी माती पिकासकट वाहून गेली. आठवड्याभरानं तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे काटगाव आणि आपसिंग्याच्या बांधावर आले. २३ ऑक्टोबरला राज्यानं १० हजार कोटींची मदत जाहीर केली.

वादळाचा जोर आपण वाऱ्यावरून मोजतो. किनाऱ्यासाठी ते ठीक आहे, तिथं घरांची छपरं उडतात. आतल्या मुलखात येईपर्यंत वारा मरतो, पण ढगांतलं पाणी बरंच उरतं. धाराशिवसाठी हे बिननावाचं वादळ नाव असलेल्या कितीतरी वादळांपेक्षा भारी पडलं.

एक वादळ, दोन नावं

पुढच्याच वर्षी, २६ सप्टेंबर २०२१ च्या संध्याकाळी ‘गुलाब’ चक्रीवादळ आंध्रात कलिंगपट्टणजवळ धडकलं. तिथून धाराशिव आठशे किलोमीटरहून दूर. समुद्राची वाफ तुटली की वादळाचा जीव जातो, हे खरं. पण पावसाळाभर भिजलेली जमीनही वाफ देत राहते, आणि वरच्या हवेतलं भोवऱ्यासारखं फिरणं लगेच थांबत नाही. गुलाबाचा उरलेला भाग २७ आणि २८ तारखेला मराठवाड्यावर आला. मांजरा धरणाचे १८ दरवाजे उघडावे लागले. कळंब तालुक्यात पुरात अडकलेल्यांना काढायला हेलिकॉप्टर आणावं लागलं.

हेच मांजरा धरण २०१६ मध्ये कोरडं पडलं होतं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं. पाच वर्षांत एकाच धरणानं दोन्ही टोकं पाहिली.

गुलाब मराठवाड्यात संपलं नाही. तेच पुढं अरबी समुद्रात उतरलं, पुन्हा पाणी प्यायलं आणि १ ऑक्टोबरला ‘शाहीन’ या नावानं चक्रीवादळ झालं. ३ तारखेला ते ओमानच्या किनाऱ्यावर आदळलं. धाराशिव या प्रवासाच्या वाटेवर होतं.

वाढती वर्दळ

उत्तर हिंदी महासागरात वर्षाला सरासरी पाच चक्रीवादळं होतात, त्यातली चार बंगालच्या उपसागरात. २०१९ मध्ये आठ झाली आणि त्यातली पाच अरबी समुद्रात. ऑक्टोबरातलं ‘क्यार’ तर २००७ च्या ‘गोनू’नंतरचं अरबी समुद्रातलं पहिलं महाचक्रीवादळ. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या २०२१ मधल्या अभ्यासानुसार, त्याआधीच्या दोन दशकांशी तुलना करता २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातली वादळं ५२ टक्क्यांनी वाढली, उपसागरातली ८ टक्क्यांनी घटली. समुद्राचं तापणं हे त्यामागचं मोठं कारण.

ऐन पावसाळ्यात सहसा मोठी चक्रीवादळं होत नाहीत, कारण खालचे आणि वरचे वारे उलट दिशांनी जोरात वाहतात आणि वादळाचा उंच खांब उभाच राहू देत नाहीत. ही ओढाताण सप्टेंबरअखेर सैल होते. नेमकं तेव्हाच हस्त नक्षत्र लागतं. हत्तीचा पाऊस म्हणजे रब्बीच्या ज्वारीचं भांडवल, अशी जुन्या शेतकऱ्यांची गणितं होती. पण तेव्हा शिवारात सोयाबीन नव्हतं.

आज खरिपाचा मोठा भाग सोयाबीनचा. जूनमध्ये पेरलेलं हे पीक शंभरेक दिवसांत काढणीला येतं, म्हणजे याच पंधरवड्यात. कापून गंज लावली, वर ताडपत्री टाकली, तरी खालून पाणी शिरतं. आतल्या शेंगा ऊब धरतात आणि दोन-तीन दिवसांत दाण्याला कोंब फुटतात. वाचलेला दाणा काळा पडतो. खरेदीला १२ टक्के ओलाव्याची अट असते, तिथं भिजलेला माल कुठून टिकणार? रानात वाफसा येत नाही, म्हणून ज्वारीचा पेराही लांबतो. तुळजापुरात नवरात्र सुरू असतं आणि दिवाळीचा पैसा वावरात सडत असतो.

बहात्तर तास

पीक विम्याच्या २०२० मधल्या नियमानुसार नुकसान झाल्यापासून ७२ तासांत कळवायचं होतं. २०२० च्या पुरात वीज नव्हती, रस्ते तुटले होते. कळवलं नाही म्हणून जिल्ह्यातल्या साडेतीन लाखांहून अधिक शेतकऱ्यांची भरपाई अडली. मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं ती देण्याचा आदेश दिला. पण हक्काच्या पैशासाठी कोर्टाची पायरी चढावी लागावी आणि त्यात दीड वर्ष जावं, हे कोणत्याही व्यवस्थेला शोभणारं नाही.

चौथा इशारा

हवामान खात्याचे चक्रीवादळाचे इशारे चार टप्प्यांत येतात. पहिले तीन किनाऱ्यासाठी असतात. चौथा, वादळ जमिनीवर येण्याच्या किमान १२ तास आधी निघणारा, पुढच्या वाटचालीचा आणि आतल्या जिल्ह्यांतल्या हवामानाचा अंदाज देतो. काकीनाड्यापासून इथवर यायला वादळाला दिवस-दीड दिवस लागतो. दोन्ही मिळून दीड-दोन दिवस हाती येतात. तेवढ्यात उभं पीक कापायचं थांबवता येतं, कापलेलं उंचवट्यावर हलवता येतं, मळणी यंत्र आधी कुणाच्या रानात न्यायचं ते गावाला ठरवता येतं, धरणातून पाणी टप्प्याटप्प्यानं सोडता येतं.

म्हणून धाराशिवच्या आपत्ती आराखड्यात टंचाईच्या शेजारी वादळाचं वेळापत्रकही हवं, आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरअखेर काकीनाडा-कलिंगपट्टणचा इशारा ग्रामपंचायतीच्या फलकावर लागायला हवा. पूर सांगून येत नाही असं आपण म्हणतो. हा पूर दीड-दोन दिवस आधी सांगून येतो. तो निरोप वावरापर्यंत पोचवणं ही आपली जबाबदारी आहे.