बाबागाडीची उंची कोणाच्या मापाने?

अहवालाच्या मागील पानांवर वर्षभरातील रुग्णसेवेचा आणि जमाखर्चाचा तपशील आपणासमोर ठेवला आहे. प्रथेप्रमाणे ही पाने रुग्णांच्या कुटुंबीयांना उपयोगी पडेल अशा एका विषयासाठी राखून ठेवली आहेत. यंदाचा विषय वरकरणी किरकोळ वाटेल. बाबागाडी ढकलणाऱ्या आईची आणि वडिलांची उंची सारखी नसते, गाडीचे हँडल मात्र बहुधा एकाच उंचीवर पक्के बसवलेले असते, एवढीच ती गोष्ट. परंतु तिच्याकडे आमचे अनेक वर्षे दुर्लक्ष झाले आणि त्याचा भार आमच्याकडे येणाऱ्या मातांनी वाहिला. म्हणून ती सविस्तर मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

एका मातेचे उत्तर

आमच्या बालरुग्ण विभागाच्या प्रवेशद्वारापाशी देणगीदारांच्या औदार्यातून मिळालेल्या बाबागाड्या ठेवलेल्या असतात. ज्या मुलांना चालता येत नाही किंवा ज्यांच्या पायाला प्लास्टर आहे, त्यांना फिजिओथेरपी विभागापर्यंत नेण्यासाठी त्यांचा उपयोग होतो. सेरेब्रल पाल्सी असलेल्या पाच वर्षांच्या मुलाला घेऊन एक माता आठवड्यातून दोनदा येत असत. गाडी समोर असतानाही त्या मुलाला कडेवर घेऊनच लांबलचक व्हरांडा पार करीत. सवयीचा भाग असावा, असे आम्ही गृहीत धरले होते. पुढे त्यांची पाठ दुखू लागली, तेव्हा आमच्या फिजिओथेरपिस्ट भगिनींनी त्यांना कारण विचारले. त्या म्हणाल्या, "ताई, ती गाडी माझ्या उंचीची नाही हो. हात छातीपाशी येतात, आणि छत वर केलं की पुढचं काही दिसत नाही."

त्याच मुलाचे वडील चांगले उंचेपुरे. ते आले की गाडी घेत, परंतु वाकून, आणि पाय मागच्या आसाला लागू नये म्हणून एका बाजूने चालत. गाडी एकच, एकाला ती ठेंगणी आणि दुसऱ्याला उंच. त्या दिवशी आम्ही प्रथमच टेप घेऊन सर्व गाड्यांची मापे घेतली.

मापांचे गणित

उभ्या माणसाचे कोपर जमिनीपासून त्याच्या एकूण उंचीच्या साधारणपणे ६३ टक्के अंतरावर असते. म्हणजे १५२ सें.मी. उंचीच्या स्त्रीचे कोपर सुमारे ९६ सें.मी.वर, तर १७८ सें.मी. उंचीच्या पुरुषाचे सुमारे ११२ सें.मी.वर येते. ढकलण्याचे हँडल कोपर आणि कंबर यांच्या दरम्यान, शक्यतो कोपराच्या थोडे खाली असावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. या दांपत्याच्या सोयीच्या उंचीत सुमारे १६ सें.मी.चा, म्हणजे सहा इंचांहून अधिक, फरक पडतो. एक पक्के हँडल दोघांचेही समाधान करू शकत नाही, ते यामुळेच.

हँडल खाली पडले की उंच व्यक्ती कमरेतून पुढे झुकते. डोके आणि धड पुढे गेल्यामुळे त्यांचा भार पाठीच्या स्नायूंना सतत तोलून धरावा लागतो. हात खालच्या दिशेने जोर देत असल्याने गाडीच्या मागच्या चाकांवर दाब वाढतो व पुढची चाके हलकी होतात. पाऊल आसाला लागू नये म्हणून चाल आखूड होते. हँडल वर गेले की कमी उंचीच्या व्यक्तीचे खांदे उचलले जातात, कोपरे बाहेर फाकतात आणि मनगटे मागे दुमडतात. रेटा किंचित वरच्या दिशेने लागतो, त्यामुळे वजन पुढच्या लहान चाकांवर येते आणि खड्ड्यात किंवा फरशीच्या कडेला नेमकी तीच अडतात. त्यात छतामुळे रस्ता दिसत नसेल, तर खड्डा चाक अडल्यावरच कळतो.

हा फरक आला कोठून?

१७३३ साली विल्यम केंट यांनी इंग्लंडमध्ये एका उमरावाच्या मुलांसाठी जी गाडी घडविली, ती लहानसे जनावर जुंपून ओढण्याची होती. तेथे हँडलचा प्रश्नच नव्हता. मागून ढकलण्याची गाडी एकोणिसाव्या शतकात रूढ झाली. विमानांच्या चाकांच्या रचनेचा अनुभव असलेले अभियंते ओवेन मॅकलारेन यांनी १९६५ साली छत्रीसारखी मिटणारी हलकी गाडी तयार केली, आणि आज बाजारात दिसणाऱ्या अनेक घडीच्या गाड्या त्याच कुळातल्या आहेत.

जगभरातील उंचीचा एक व्यापक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार १९९६ साली जन्मलेल्या ब्रिटिश स्त्रियांची सरासरी उंची सुमारे १६४ सें.मी. आणि पुरुषांची सुमारे १७७ सें.मी. आहे. त्याच वयाच्या भारतीय पुरुषांची सरासरी सुमारे १६५ सें.मी. असून स्त्रियांची १५३ सें.मी.च्या आसपास आहे. अर्थात तिकडच्या आईच्या बेताचे हँडल आपल्याकडे वडिलांच्या बेताचे ठरते, आणि आपल्याकडील आईला ते उंचच पडते. आपल्या देशातील लोकांच्या शरीरमापांचे संकलन अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले आहे. खरेदी करणाऱ्याने विचारावयाचे ठरविले, तर उत्तरे उपलब्ध आहेत.

आम्ही मात्र ते विचारले नव्हते, हे येथे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. गाड्या घेताना दरपत्रके मागविली, तुलनात्मक तक्ता केला, किंमत, हमीची मुदत आणि चाकांचा दर्जा यांची छाननी केली. हिशेबाच्या दृष्टीने त्या खरेदीत उणे काही नव्हते. गाडी कोण ढकलणार, हा रकानाच तक्त्यात नव्हता.

कुटुंबीयांनी काय करावे?

गाडी घ्यावयाची असल्यास शक्य तर दोघांनीही दुकानात जावे. नेहमीच्या वापरातील चपला घालून ताठ उभे राहावे, हात सैल सोडून कोपरात वाकवावे आणि हँडल कोठे येते ते पाहावे. गाडीत थोडे वजन ठेवून, छत वर करून दहा-वीस पावले चालावे. मनगट सरळ राहते का, समोरची जमीन दिसते का आणि पाऊल मोकळे पडते का, या तीन प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असावीत. घरातील उंचीत बराच फरक असल्यास वर-खाली होणाऱ्या हँडलची गाडी घेणे उत्तम. तसे हँडल नसेल, तर जी व्यक्ती अधिक वेळ गाडी ढकलते तिच्या बेताची गाडी निवडावी. बहुतेक घरांत ती व्यक्ती आई किंवा आजी असते, आणि दुकानात मात्र बहुधा वडीलच जातात.

हँडलची उंची बदलण्यापूर्वी चाकांना ब्रेक लावावा आणि दोन्ही बाजूंचे खटके पक्के बसल्याची खात्री करावी. हँडलला पिशव्या अडकवू नयेत. मूल उचलून घेताच गाडी मागे उलटते, आणि उंच व्यक्तीसाठी हँडल मागे लांबविलेले असल्यास तीच पिशवी अधिक सहज गाडी उलटवते. सामान आसनाखालच्या टोपलीत ठेवावे. मुलाचा पट्टा थोड्या अंतरासाठीही बांधावा. हँडल पक्के असेल, तर उंच व्यक्तीने दोन्ही हातांनी, गाडीच्या जवळ राहून ढकलावे आणि अधूनमधून पाठ सरळ करावी.

सिझेरियन झालेल्या मातांनी मुलासह गाडी पायऱ्यांवरून उचलू नये. आधाराशिवाय बसू न शकणाऱ्या तान्ह्या बाळासाठी सपाट निजविता येईल अशीच गाडी वापरावी. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांना साध्या बाबागाडीत शरीराला पुरेसा आधार मिळेलच असे नाही. त्यांचे आसन फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्यानेच ठरवावे.

आम्ही काय केले?

सर्वसाधारण निधीतून, विश्वस्त मंडळाच्या संमतीने, आम्ही यंदा हँडल वर-खाली होणाऱ्या दोन गाड्या घेतल्या. प्रवेशद्वाराच्या चौकटीवर तीन रंगांच्या पट्ट्या रंगविल्या आहेत. गाडी नेणाऱ्याचे कोपर ज्या रंगापाशी येते, त्याच रंगाच्या खुणेवर तेथील मावशी हँडल लावून देतात. यास खर्च जवळजवळ काहीच आला नाही. खरेदीच्या तक्त्यात "हँडलची उंची" हा रकाना आता कायमचा घातला असून तो व्हीलचेअरनाही लागू केला आहे, कारण रुग्णाची खुर्ची ढकलणारी पत्नी किंवा मुलगी याच अडचणीतून जात असते.

आरंभी उल्लेखिलेल्या माता आता गाडी घेतात. मात्र फिजिओथेरपी विभागाच्या दारातील तीन पायऱ्यांपाशी त्यांना मुलाला अजूनही कडेवरच घ्यावे लागते. तेथे उतार बांधावयाचा तर दर एक फूट उंचीस बारा फूट लांबी लागते आणि जागा अपुरी आहे. दार बाजूच्या भिंतीत हलविण्याचा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे ठेवला आहे.

आप्तांच्या स्मरणार्थ गाडी किंवा खुर्ची देऊ इच्छिणाऱ्या दात्यांस आमची नम्र विनंती आहे की, त्यांनी खरेदीपूर्वी एकदा आमच्या कार्यालयाशी बोलावे. आपण दिलेली वस्तू प्रवेशद्वारापाशी उभी राहण्यापेक्षा व्हरांड्यातून फिरत राहावी, हीच आपली आणि आमची इच्छा आहे.