पेशींच्या दप्तरातील अंमलदार

वनस्पतीच्या प्रत्येक पेशीत, मग ती मुळाच्या टोकाची असो वा पाकळीच्या कडेची, जनुकांचे दप्तर एकच असते. तरीही मूळ हे मूळच राहते आणि पाकळी ही पाकळीच होते, याचे कारण त्या दप्तरातील कोणता कागद केव्हा उघडावा याचा हुकूम देणारी काही प्रथिने तेथे तैनात असतात. डीएनएवरील ठरावीक अक्षरक्रमाला बिलगून ती शेजारच्या जनुकाची नक्कल काढण्यास परवानगी देतात किंवा मनाई करतात. मोहरीच्या कुळातील अरॅबिडॉप्सिस या क्षुद्र तणाचा जनुकसंच २००० साली वाचून झाला, तेव्हा सुमारे २५,००० जनुकांपैकी १,५०० हून अधिक जनुके निव्वळ अशा अंमलदारांचीच निघाली.

यांतील काही घराणी अतिप्राचीन आहेत. मॅड्स हे घराणे यीस्ट, मनुष्य आणि वनस्पती या तिघांतही आढळते. मात्र मनुष्याकडे त्याचे अवघे ५ वंशज आहेत, तर त्या तणात शंभरावर. वनस्पतींचे जनुकसंच पुनःपुन्हा दुणावत गेले, आणि जादा ठरलेल्या प्रतींना नवी कामे मिळाली. वनस्पतींच्या उत्क्रांतीचा पुष्कळसा इतिहास या बदल्या-बढत्यांचाच आहे.

फुलाची घडण ही या घराण्याची सर्वांत देखणी कामगिरी होय. १९९१ साली एन्रिको कोएन आणि इलियट मायरोविट्झ यांनी मांडलेल्या उपपत्तीप्रमाणे फुलात अधिकाराचे तीन वर्ग असतात: पहिल्याच्या एकट्याच्या अंमलाखाली निदले, पहिल्या-दुसऱ्याच्या संयुक्त अंमलाखाली पाकळ्या, दुसऱ्या-तिसऱ्याच्या अंमलाखाली पुंकेसर आणि एकट्या तिसऱ्याच्या अंमलाखाली जायांग. तिसरा निकामी झाला, की पहिल्याचा अंमल थेट मध्यापर्यंत पोचतो, पुंकेसरांच्या जागी पाकळ्या येतात, आणि कोठे थांबावे याचे भान सुटलेले फूल पाकळ्यांच्या आत पाकळ्या रचीत राहते. आपल्या हारांतील भरगच्च गुलाबातही या तिसऱ्या वर्गाच्या जनुकाचे क्षेत्र मध्याकडे आक्रसलेले असते; रसिकांनी ज्याची तारीफ करावी, ती वस्तुतः कारभारातील ढिलाई!

शेतीचा इतिहास पाहता मात्र माणसाने आवर घालणाऱ्या अंमलदारांचीच अधिक कदर केलेली दिसते. मेक्सिकोतील टिओसिंटे या फांद्याळ गवतापासून मका घडला, त्यात टीबी१ या जनुकाचा मोठा वाटा आहे. त्याच्या पुढ्यात एक फिरता डीएनए-तुकडा येऊन बसल्याने त्याचा जोर वाढला आणि फांद्या फुटणे आटोक्यात आले. नोरिन १० या जपानी गव्हाकडून नॉर्मन बोरलॉग यांच्या मेक्सिकन वाणांत, आणि तेथून १९६६ साली भारताने मागविलेल्या १८,००० टन बियाण्यात उतरलेला बुटकेपणाही याच जातीचा. एरवी जिबरेलिन हे संप्रेरक वाढ रोखणाऱ्या डेला प्रथिनाचा निकाल लावते. या गव्हातील डेला प्रथिन त्या संप्रेरकाला जुमानीत नाही, म्हणून ताट ठेंगणे राहते आणि भरघोस खत दिले तरी सहसा लोळत नाही. हे रहस्य १९९९ साली उलगडले. म्हणजे आपली कोठारे भरली ती कारण कळण्याच्या कितीतरी आधी.

भातातील सब१ए हे जनुक याच परंपरेतले आहे. पूर आला की सामान्य भात पाण्याबाहेर डोके काढण्याच्या धडपडीत साठवलेली शर्करा उधळून टाकतो. सब१ए मात्र डेलाच्या भाऊबंदांना बळ देऊन वाढ तहकूब ठेवते, आणि पीक सुमारे दोन आठवडे बुडूनही तगते. ते एफआर१३ए या ओडिशातील जुन्या वाणातून मिळाले, आणि ते घातलेला स्वर्णा-सब१ हा वाण २००९ साली भारतात लागवडीसाठी प्रसृत झाला.