लघवीची गोळी : हिशेब मीठ-पाण्याचा

रक्तदाबाच्या आणि हृदयविकाराच्या अनेक रुग्णांच्या औषधांच्या डब्यात एक ‘लघवीची गोळी’ असते. डॉक्टर तिला डाययुरेटिक म्हणतात. स्वस्त, जुने आणि उपयोगी असे हे औषध. पण रुग्ण आपल्या मनाने सहज फेरफार करतात तेही याच गोळीत. एसटीचा लांबचा प्रवास आहे, आज नको. पाय जास्त सुजलेत, आज दोन घेऊ. या गोळीचा डोस शरीरातल्या मीठ-पाण्याच्या हिशेबावर ठरलेला असतो. हा हिशेब बिघडला, की तीच गोळी कमी पडते किंवा जास्त होते.

गोळी काय करते?

मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातील जवळजवळ सगळा रक्तात परत घेतात. ही औषधे मीठ, म्हणजे सोडियम, परत घेण्याच्या कामात अडथळा आणतात. मीठ बाहेर पडले, की त्यामागोमाग पाणीही जाते.

या गोळ्यांचे तीन मुख्य प्रकार आहेत. क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड, हायड्रोक्लोरोथायझाइड ही मुख्यतः रक्तदाबासाठी. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ऑलहॅट’ या ३३ हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात क्लोरथॅलिडोन नव्या, महागड्या औषधांच्या तुलनेत कुठेही उणे ठरले नाही. फ्युरोसेमाइड आणि टॉर्सेमाइड अधिक जोरकस. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारात साचलेले पाणी काढण्यासाठी ती देतात. स्पायरोनोलॅक्टोन हे पोटॅशियम राखून ठेवणारे औषध.

अनेकांना आपण लघवीची गोळी घेतो हेच माहीत नसते, कारण ती टेल्मिसार्टनसारख्या औषधासोबत एकाच गोळीत असते. पाकिटावर नावापुढे ‘एच’ किंवा ‘सीटी’ अशी अक्षरे असतील, तर डॉक्टरांना किंवा औषध दुकानदाराला विचारून खात्री करावी.

प्रत्येक सूज पाण्याची नव्हे

रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या अ‍ॅम्लोडिपिनमुळेही घोट्यांवर सूज येते. ती लघवीच्या गोळीने फारशी उतरत नाही. औषध किंवा त्याचा डोस बदलावा लागतो. एकाच पायाला अचानक सूज आली आणि दुखू लागले, तर शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. हत्तीरोगाची सूज आणखी वेगळी. म्हणून शेजाऱ्यांना लागू पडलेली गोळी मागून घेऊ नये.

आजारपणात सावध

खरा धोका जुलाब, उलट्या, ताप, कडक ऊन आणि निर्जळी उपास या दिवसांत असतो. शरीरातले पाणी आधीच कमी झालेले असते आणि गोळी ते आणखी काढते. रक्तदाब खाली जातो, चक्कर येते, मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. अशा वेळी ‘रोजची गोळी चुकवायची नाही’ म्हणून ती घेत राहणे योग्य नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे, गोळी थांबवायची का आणि पुन्हा कधी सुरू करायची. उपास किंवा रोजे असतील, तर ते सुरू होण्यापूर्वीच विचारावे.

त्यातच गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन घेतले, तर धोका वाढतो. लघवीची गोळी, टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल आणि वेदनाशामक हे त्रिकूट मूत्रपिंडांना महागात पडू शकते. दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या या रुग्णांनी टाळाव्यात.

‘वय झालं’ म्हणू नका

काही वृद्धांमध्ये या गोळ्यांमुळे रक्तातील सोडियम घसरते. माणूस सुस्त होतो, तोल जातो, बोलण्यात गोंधळ होतो. घरचे ‘आता वय झालं’ म्हणून सोडून देतात. साध्या रक्ततपासणीने मात्र कारण कळू शकते. पोटॅशियम घटले, तर स्नायू दुबळे होतात, गोळे येतात, छातीत धडधडते. उलट, स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांत ते वाढू शकते आणि फारशी लक्षणे न दाखवता हृदयाची लय बिघडवू शकते. त्यांनी ‘अशक्तपणासाठी’ रोज शहाळे पिण्याआधी आणि ‘कमी सोडियमचे मीठ’ वापरण्याआधी विचारावे. अशा मिठात बहुधा पोटॅशियम असते.

घरी काय करावे?

• गोळी सकाळी घ्यावी. दुसरा डोस असेल, तर साधारण दुपारी चारच्या आत. रात्री सारखे उठून पडण्याचा धोका टळतो. प्रवासाच्या दिवशी गोळी बंद करण्याऐवजी वेळ बदलता येते का, ते विचारावे.
• सुजेसाठी औषध घेणाऱ्यांनी रोज सकाळी लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर वजन करून लिहून ठेवावे. तीन दिवसांत दोन किलो वाढले, तर पाणी साचत असावे. वजन झपाट्याने उतरून चक्कर येत असेल, तर गोळी जास्त होत असावी. दोन्ही वेळी डॉक्टरांना कळवावे.
• दिवसभराचे मीठ पाच ग्रॅमच्या, म्हणजे एका सपाट चमच्याच्या आत ठेवावे. लोणचे, पापड, फरसाण धरून. मीठ सुटत नसेल, तर गोळीचा उपयोगही कमी होतो.
• हृदयाच्या रुग्णाने किती पाणी प्यावे, हे डॉक्टरांनीच ठरवावे.
• गोळी सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर काही आठवड्यांत, आणि नंतरही सांगितल्याप्रमाणे, सोडियम, पोटॅशियम व क्रिएटिनिन तपासावे.
• संधिवात (गाऊट), मधुमेह किंवा सल्फाची अ‍ॅलर्जी असल्यास आधीच सांगावे.

आडवे पडल्यावर धाप लागणे, शुद्ध हरपणे, अचानक गोंधळल्यासारखे होणे किंवा लघवी जवळजवळ बंद होणे यांत घरी वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. एरवी पुढच्या तपासणीला जाताना वजनाची वही आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्यावीत. डोस कमी करायचा की वाढवायचा, हे त्यावरून ठरवणे डॉक्टरांना सोपे जाते.